ज्याने आणले, त्याचीच ओळख

काळ्या पडद्यावर पांढऱ्या अक्षरांत एक मथळा उमटतो, ‘विंडोज आयपी कॉन्फिगरेशन’, आणि त्याखाली काहीच येत नाही. चुकीचा शेरा येत नाही, हरवल्याची दवंडी पिटली जात नाही; मथळा, दोन रिकाम्या ओळी, आणि पुन्हा लुकलुकणारा कर्सर. लग्नपत्रिकेवर ‘आपले नम्र’ एवढे छापावे आणि खाली एकाचेही नाव नसावे, तशी ती शांतता. घाईचा माणूस ती पाहून कपाळाला हात लावतो आणि केबल उपटून पुन्हा खोचतो. आपण मात्र जरा थांबू, कारण या रिकाम्या ओळीत वाचण्यासारखे पुष्कळ आहे.

ती मी पहिल्यांदा नीट वाचली दोडामार्गच्या बाजारात, संगणक दुरुस्तीच्या एका दहा-बाय-दहाच्या गाळ्यात. आषाढ ऐन भरात होता. तिळारीच्या अंगाने चालून आलेला पाऊस पत्र्यावर मृदंग झोडत होता, आणि गोव्याकडे निघालेल्या गाड्यांचे दिवे ओल्या रस्त्यावर लांबच लांब पसरत होते. एका शाळेसाठी जुळवलेली अकरा यंत्रे भिंतीलगत ओळीने मांडलेली. सगळ्यांत विंडोज भरायची होती, पेनड्राइव्ह एकच, म्हणून दुकानातल्या पोराने एका जुन्या लॅपटॉपला सर्व्हर केले होते आणि नेटवर्कवरूनच एकेक यंत्र उठवायचे ठरवले होते. पहिले यंत्र उठले. पडदा काळा झाला. पुढचे सामान सर्व्हरवरून ओढायचे, तर मथळ्याखाली ही पोकळी. ‘काकानू, बगा हां,’ तो हसत म्हणाला, ‘जेणा हाडल्यान, तेकाच वळखणा नाय!’

ज्याने आणले, त्यालाच ओळखत नाही. या विषयावरच्या जाडजूड मार्गदर्शिका मी चाळल्या आहेत. त्यांतल्या कोणालाही हे इतक्या थोडक्यात सांगता आलेले नाही. मी पुढे जे लिहीत आहे ते या वाक्यावरचे भाष्य समजावे.

काय आणले, ते आधी पाहू. कोकणातल्या रसिकाला विंडोज पीई समजावून द्यायला फार सायास पडत नाहीत, कारण त्याने दशावतार पाहिलेला असतो. जत्रेच्या रात्री देवळापुढे एक बाकडे मांडले की रंगमंच सिद्ध होतो, पायपेटीने सूर धरला की काळोखालाही कान फुटतात, आणि मुख्य आख्यान उभे राहण्याआधी आडदशावतार होतो: गणपती येतो, रिद्धी-सिद्धी येतात, भटजी येतो, सरस्वती येते, संकासुर येऊन पोरांना हसवतो आणि थोडे घाबरवतोही, आणि मग ही सारी मंडळी बाजूला सरून आख्यानाच्या राजाला वाट करून देतात. पीई, म्हणजे प्रीइन्स्टॉलेशन एन्व्हायर्नमेंट, हा संगणकाचा आडदशावतार आहे. खरी विंडोज अजून यायची असते. तिच्यासाठी डिस्क झाडून घेणे, तिचे वाटे पाडणे, सामान आणून लावणे, एवढ्यापुरती एक आटोपशीर विंडोज मेमरीतल्या मेमरीत उभी राहते. पूर्वी हे काम डॉसच्या फ्लॉप्या करत; मायक्रोसॉफ्टने विंडोज एक्सपीच्या पायावर ही पहिली पीई घडवली आणि फ्लॉप्यांना निरोप दिला. ५१२ मेगाबाइट मेमरीत तिचा संसार मावतो. आणि सलग ७२ तास चालली की ती आपणहून आवरते घेऊन यंत्र नव्याने सुरू करते. पूर्वरंगानेच रंगमंच बळकावून बसू नये, याची ही तजवीज मला फार आवडते.

तिचा पत्ताही न्याहाळण्यासारखा आहे. सी आणि डी ही अक्षरे कायमच्या घरांची. पीई स्वतःपुरते एक्स हे अक्षर घेते. शाळेत बीजगणितात जो ‘क्ष मानू’ असे म्हणून आपण क्षणभर गृहीत धरला आणि उत्तर आल्यावर विसरून गेलो, तोच हा क्ष. त्या क्षच्या आतल्या एका फोल्डरात ‘स्टार्टनेट’ नावाची छोटी फाइल असते, आणि तिच्यात एकच शब्द लिहिलेला असतो: ‘डब्ल्यूपीईइनिट’. एका शब्दाची संहिता! दशावताराला लिखित संहिता नसते हे आपल्याला कौतुकाचे वाटते. इथे ती आहे, पण सूत्रधाराच्या एका हाकेएवढी. ही हाक गेली की पीई आपल्या आसपास कोण कोण आहे हे चाचपडू लागते, एकेका उपकरणाला नावाने बोलावते, आणि नेटवर्क उभे करते. म्हणजे, करता आले तर.

आता आणणाऱ्याकडे वळू. नेटवर्क कार्डाच्या, किंवा हल्ली मदरबोर्डाच्या, रॉममध्ये एक चिमुकला कार्यक्रम कायमचा कोरलेला असतो. इंटेलच्या पुढाकाराने आखलेल्या पीएक्सई नावाच्या रीतीने तो चालतो. या रीतीचा २.१ हा आराखडा १९९९ मधला. डिस्क कोरी असते, विंडोजचा पत्ता नसतो, अशा निर्जन यंत्रात हा कार्यक्रम एकटाच जागा होतो आणि केबलीवरून सगळ्या नेटवर्कला उद्देशून हाक देतो: कोण आहे का तिकडे, मला पत्ता द्या. कोणाकडे मागायचे हे त्याला ठाऊक नसते, म्हणून तो सगळ्यांकडे मागतो. सर्व्हर उत्तर देतो, पत्ता देतो, कोणती फाइल न्यायची तेही सांगतो. मग सुरू होते टीएफटीपी नावाची वाहतूक, आणि तिच्यातला साधेपणा पाहून मला विहिरीच्या कामावरची माणसे आठवतात. मूळ रीतीत ५१२ बाइटांचा एक घमेला हाती द्यायचा, ‘पावला’ असे उत्तर आले की मगच दुसरा. हल्ली मोठे घमेले ठरवून घेता येतात, पण चाल तीच. अशा हातोहात वाहतुकीने काहीशे मेगाबाइटांची पीई त्या निर्जन यंत्राच्या मेमरीत येऊन उतरते.

आणि ती डोळे उघडते तेव्हा तिला वाहून आणणारा तो रॉममधला कार्यक्रम आपला कारभार गुंडाळून गेलेला असतो. त्याचे ज्ञान त्याच्यापाशीच राहिले. वारसा असा दिलाच नाही. पीईला आता कार्डाशी नव्याने, स्वतःच्या भाषेत बोलायचे असते, आणि ती भाषा जाणणारा दुभाष्या, म्हणजे ड्रायव्हर, तिच्या पोतडीत असेल तरच हे संभाषण होते. पोतडी भरली गेली तिच्या जन्माच्या वर्षी. कार्ड त्यानंतर जन्माला आले असेल तर दुभाष्या कुठून असणार? केबल खोचलेली, कार्डाचा हिरवा दिवा लुकलुकतो आहे, दोन मिनिटांपूर्वी याच तांब्याच्या तारेवरून ती स्वतः आली आहे, आणि तरी तिच्या लेखी या यंत्राला बाहेरचे जगच नाही. मेण्यातून उतरलेल्या नवरीने भोयांकडे वळून ‘हे कोण?’ असे विचारावे, तसे हे. यात विनोद आहे, थोडी करुणाही आहे. चीड आणण्यासारखे काही मला तरी सापडले नाही.

बरे, ओळख पटवायची तर कार्डापाशी स्वतःचे काय असते? दशावतारात पात्र येते, बाकड्यावर बसते, आणि आधी आपण कोण, कुठला, ते स्वतःच्या तोंडाने सांगते. कार्डही तसेच करते. त्याला विचारले की ते दोन आकडे सांगते, पहिला कुळाचा, दुसरा स्वतःचा. आमच्या दोडामार्गच्या माणसाला ही पद्धत नाक्यावरच शिकायला मिळते: गाडीच्या पाटीवर आधी एमएच, मग ०७, म्हणजे महाराष्ट्राची आणि त्यातही सिंधुदुर्गाची, जीए दिसले की पलीकडची. त्या संध्याकाळच्या कार्डाने सांगितलेला कुळाचा आकडा होता १०ईसी, आणि स्वतःचा ८१२५. १०ईसी हे तैवानमधल्या रिअलटेकचे गोत्र. १९८७ साली स्थापन झालेल्या या कंपनीचे बोधचिन्ह खेकडा आहे, आणि तिच्या काळ्या चिपेवर तो नखाएवढा खेकडा नांग्या उभारून खरोखर छापलेला असतो. पोराने टॉर्चच्या उजेडात तो दाखवला तेव्हा मला अकारण आनंद झाला. पहिल्या पावसात व्हाळावर बत्ती घेऊन कुर्ल्या धरायला जाणाऱ्या मुलखात संगणकाच्या पोटातही कुर्ली निघावी, याला योगायोग म्हणवत नाही.

इंटेलची गंमत निराळी. आपल्या कुळाचा आकडा म्हणून त्या कंपनीने ८०८६ हा घेतला, म्हणजे १९७८ च्या आपल्याच प्रोसेसरचे नाव गोत्र म्हणून मिरवले. एखाद्या घराण्याने कर्तबगार पणजोबांच्या नावाचेच आडनाव लावावे तसे. आणि ज्या खाचेत कार्डच नाही, तिला विचारले तर उत्तर येते एफएफएफएफ. हा आकडा कोणाच्याच कुळाचा नाही. रिकाम्या घराचे दार वाजवल्यावर आपल्याच थापेचा जो पोकळ नाद परत येतो, तो सोळा बिटांत लिहायचा तर असाच लिहावा लागेल.

दुभाष्याची सनद म्हणजे आयएनएफ फाइल. ड्रायव्हर म्हटले की काही गूढ, यंत्रलिपीतले, सामान्याने हात न लावण्याजोगे डोळ्यांपुढे येते. पण ही फाइल नोटपॅडमध्ये उघडता येते, आणि उघडलीच पाहिजे, कारण ती वाचायला गोड आहे. चौकोनी कंसांतली मथळ्यांची रांग, प्रत्येकाखाली चार ओळींचा संसार. आरंभीच ती आपला वर्ग सांगते: नेट. मग कोणाकोणासाठी मी बोलू शकते त्याची यादी, तिच्यात आपले १०ईसी आणि ८१२५ बसलेले. अर्धविरामाने सुरू होणाऱ्या ओळी यंत्रासाठी नसतातच. कोण्या अभियंत्याने पुढच्या माणसासाठी लिहून ठेवलेल्या टिपा त्या, आणि मी तर आधी त्याच वाचतो. शेवटी शब्दांची पोतडी, जिथे कार्डाचे पूर्ण, भारदस्त नाव एकदाच लिहिलेले असते. काही जुन्या फायलींच्या माथ्यावर सहीच्या जागी ‘शिकागो’ असा शब्द आढळतो. हे विंडोज ९५ चे बारशाआधीचे, घरात हाक मारायचे नाव! विंडोज ९५ अडगळीत गेली, पण तिचे पाळण्यातले नाव दस्तऐवजांच्या शिरोभागी राहून गेले, जुन्या खतपत्रावर संस्थानाचा शिक्का राहतो तसे.

सनदेबरोबर दोन सोबती येतात. एसवायएस ही प्रत्यक्ष बोलणारी फाइल, आणि सीएटी ही साक्षीदार. साक्षीदाराजवळ बाकी फायलींचे ठसे असतात, आणि तो इतका काटेकोर की सनदेत कोणी एक स्वल्पविराम जरी बदलला तरी ठसा जुळत नाही. कंपन्या हे त्रिकूट बहुधा एका मोठ्या सेटअपच्या पेटाऱ्यात बंद करून देतात. पेटारा पीईला चालत नाही, तिला उघडी सनदच हवी. आणि दुभाष्या पीईच्या जातकुळीचा हवा, चौसष्ट बिटांच्या पीईला चौसष्टचाच, मग पुढे यंत्रात कोणती विंडोज नांदणार आहे याच्याशी त्याला देणेघेणे नाही. या बारकाव्यावर भलेभले घसरतात. नवरदेवाच्या मापाने शिवलेला अंगरखा ते सूत्रधाराला घालायला जातात.

आता ओळख करून देण्याच्या दोन रीती आहेत, आणि दोहोंची चव वेगळी. पहिली तोंडी. पीई चालू आहे, पेनड्राइव्हवर सनद आहे, ‘ड्रव्हलोड’ म्हणून तिचे नाव घ्यायचे; दोन क्षणांत ‘यशस्वीपणे चढवले’ अशी एक ओळ येते, आणि मुके कार्ड बोलू लागते. पोराने पहिल्या यंत्रावर हेच केले. ‘आता इला’ असे तो म्हणतो न म्हणतो तोच आषाढाने आपला हक्क बजावला आणि वीज गेली. परत आली तेव्हा यंत्र नव्याने उठले, पीई नव्याने उतरली, आणि मथळ्याखाली पुन्हा तीच कोरी जागा. जे मेमरीत होते ते विजेबरोबर गेले. पावसाळ्यात आमच्याकडे हे धडे वारंवार मिळतात.

दुसरी रीत लेखी, आणि तिचे नाव ‘डिस्म’. हिच्यात पीईला जागे करायचेच नाही. बूट.विम ही तिची घडी घातलेली प्रतिमा सर्व्हरवर निजलेली असते. ती एका रिकाम्या फोल्डरात ‘माउंट’ करायची. हा क्षण मला विलक्षण वाटतो. एवढा वेळ जी एक बंद फाइल होती, ती उलगडून तिच्या आत विंडोज, यूजर्स, प्रोग्रॅम फाइल्स अशी खोल्यांची रांग दिसू लागते, दिवे मालवलेल्या घरात अनवाणी शिरल्यासारखी. एक्स अजून एक्स झालेला नाही. सूत्रधाराचा तो एकशब्दी कागद आत तसाच घडी घालून ठेवलेला. मग ‘ॲड-ड्रायव्हर’ म्हणून सनद तिच्या हवाली करायची. डिस्म सांगते, एक पॅकेज सापडले, एकापैकी एक बसवते, बसले. आणि इथे एक घरगुती सोहळा गुपचूप पार पडतो: फाइलीचे नाव बदलते. माहेरी ती आरटीने सुरू होणाऱ्या कुठल्याशा लांबट नावाची; या घरात आली की ओईएम-शून्य. तांदळाच्या ताटात अंगठीने लिहिलेले नवे नाव. तरी ड्रायव्हरांची यादी मागितली की डिस्म सासरच्या नावाशेजारी माहेरचे नावही आठवणीने लिहिते. हे सौजन्य सगळ्या घरांत असते असे नाही.

निघताना ‘अनमाउंट’ म्हणायचे आणि पुढे ‘कमिट’. ‘डिस्कार्ड’ म्हटले तर केलेले सारे पुसले जाते. आणि त्याआधी त्या फोल्डराची उघडी खिडकी बंद केली पाहिजे. आपणच आत डोकावत उभे राहिलो तर घर पूर्ण मिटत नाही, अर्धवट उघडे राहते, आणि मग ते निस्तरायला निराळी आज्ञा लागते. पोराने पहिल्या खेपेला नेमके हेच केले आणि स्वतःलाच एक मालवणी शिवी हासडली. ती इथे देत नाही.

या लेखी रीतीवर लोभ जडला की मोह होतो, आणि तो बहुतेकांना होतो: एकच सनद का, जगातल्या सगळ्या कार्डांच्या भरून टाकू! मी हा अतिरेक पाहिला आहे. अशी पीई मेमरीत उतरतानाच धापा टाकते. पीईला ध्वनीचे, छपाईचे, कॅमेऱ्याचे दुभाषे लागत नाहीत. तिला डिस्क दिसावी आणि तार बोलावी, एवढे पुरे. एका बाकड्यावर राजवाडा उभा करणाऱ्या कलेला नेपथ्याचे ट्रक काय कामाचे?

लिहिता लिहिता एक जुनी गोष्ट आठवली. १९८८ मध्ये पुण्यात सी-डॅक स्थापन झाली, आणि तिच्या जिस्ट कार्डाने संगणकाच्या पडद्यावर देवनागरी आणली. मोहन तांबे यांचे नाव त्या कामाशी जोडलेले आहे. तेव्हा यंत्राला आपली भाषा यावी म्हणून त्याच्या पोटात कार्ड घालावे लागे. इथे कार्ड आधीच पोटात आहे, आणि त्याच्याशी बोलता यावे म्हणून आपण यंत्राला भाषा घालतो आहोत. दोन्हींच्या मधे कुठेतरी आपल्या पिढीचे संगणकाशी असलेले सगळे नाते येते, पण तो विषय वेगळ्या लेखाचा.

नवी बूट.विम सर्व्हरवर ठेवली गेली. पोराने पहिले यंत्र सुरू केले. रॉममधल्या त्या एकट्या जिवाने पुन्हा हाक दिली, घमेल्यांची रांग पुन्हा लागली, एक्स उजाडला, ‘डब्ल्यूपीईइनिट’ हा शब्द आपोआप उमटला, आणि मग आला तो विराम. हा विराम ज्याने एकदा अनुभवला त्याला तो पुढे प्रत्येक वेळी ऐकू येतो. चार-पाच सेकंद कर्सर एका जागी थबकतो; आत कुठेतरी १०ईसी आणि ८१२५ हे आकडे सनदेशी ताडून पाहिले जात असतात. मग आपण ‘आयपीकॉन्फिग’ विचारायचे. मथळ्याखाली कार्डाचे नाव येते, आणि त्याखाली पत्ता. १६९.२५४ ने सुरू होणारा पत्ता आला तर हसू नये: दुभाष्या भेटला आहे, पण पत्ता देणारा कोणी भेटला नाही, म्हणून यंत्राने स्वतःचे बारसे स्वतःच उरकून घेतले आहे. केबल किंवा सर्व्हर पाहावा. आमच्याकडे आला तो १९२.१६८ चा, सर्व्हरने दिलेला. दोन रिकाम्या ओळींच्या जागी आता चार भरलेल्या ओळी होत्या, आणि त्या मी एकेक करून, मोठ्याने, पोथी वाचावी तशा वाचल्या. पोराने माझ्याकडे विचित्र नजरेने पाहिले.

मग दुसरे, तिसरे. दहा पडदे एकामागून एक काळे झाले, थबकले, बोलले, आणि सर्व्हरवरून सामान ओढू लागले. अकरावे यंत्र उठले, थबकले, आणि मथळ्याखाली काही नाही. सगळा जुळणीचा माल एकाच खेपेला आलेला. मग हे काय? पोराने बाजूचा पत्रा काढला, टॉर्च आत घातली आणि बराच वेळ वाकून पाहत राहिला.

‘काकानू,’ आतूनच आवाज आला, ‘ह्येच्यार कुर्ली नाय.’

बाहेर पाऊस थोडा उघडला होता. त्याने लॅपटॉप ओढून घेतला आणि ८०८६ च्या घराण्याची सनद शोधायला बसला. मी समोरून दोन चहा सांगितले.